सोळावा तुकडा



माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठीच बोलत असू, पण मराठीत लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घापाशी माझा हात आजही थबकतो. म्हणूनच असेल, अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठमोठ्या नावांपेक्षा मला रुफस पुटनम हा माणूस अधिक जवळचा वाटतो.

त्याचा जन्म १७३८ साली मॅसॅच्युसेट्समधील सटन गावी झाला. सात वर्षांचा असताना वडील वारले. आईने दुसरे लग्न केले. सावत्र वडील सराय चालवत. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि मुलाच्या पुस्तकवेडाची ते थट्टा करीत. शाळा बंदच झाली. मुलगा सरायीत उतरलेल्या पाहुण्यांचे बूट पुसून चार पैसे मिळवी, त्यातून बंदुकीची दारू आणी, पाखरे मारून विकी आणि त्या पैशांतून अंकलिपी व गणिताचे पुस्तक घेई.

मोठेपणी तो पाणचक्क्या बांधायला शिकला आणि १७५७ मध्ये फौजेत गेला. पुढे स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या फौजेने बॉस्टनला वेढा घातला, तेव्हा थंडीने जमीन दगडासारखी गोठली होती. खंदक खणता येईना. पुटनमला एका सेनानीकडे तटबंदीवरचे एक पुस्तक दिसले. ते त्याने मागून आणले आणि त्यातूनच युक्ती सापडली. जमीन न खणता लाकडी चौकटींत काटक्यांचे भारे भरून तट उभारायचा! ४ मार्च १७७६ च्या एका रात्रीत डॉर्चेस्टरच्या टेकडीवर तो तट उभा राहिला. १७ मार्चला इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेली.

युद्ध संपले तेव्हा सैनिकांच्या हाती पगाराऐवजी जवळजवळ कवडीमोल कागद होते. पुटनमने त्यांच्यासाठी पश्चिमेकडे जमीन मागितली. १७८६ मध्ये ओहायो कंपनी स्थापन झाली. ७ एप्रिल १७८८ रोजी पुटनमच्या नेतृत्वाखाली ४८ जण मस्किंगम नदीच्या मुखाशी उतरले आणि मॅरिएटा गाव वसले.

आता मला विशेष आवडणारी गोष्ट. तिथे जमिनीचे मोजमाप असे होते की प्रत्येक वसाहतीचे ३६ तुकडे, एकेक ६४० एकरांचा. त्यातला सोळावा तुकडा शाळेसाठी राखलेला. घरे उभी राहण्याआधीच शाळेची जागा ठरलेली! शिवाय दोन पूर्ण वसाहती विद्यापीठासाठी ठेवल्या. त्यातून १८०४ मध्ये ओहायो विद्यापीठ निघाले आणि शाळा न मिळालेला पुटनम त्याचा विश्वस्त झाला.

पण मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नये. ती जमीन रिकामी नव्हती. शॉनी, डेलावेअर आणि इतर आदिवासी लोकांची ती भूमी होती. ते लढले. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांना सोडावा लागला. सोळावा तुकडाही त्याच जमिनीतला. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. फौजेमागून गाव वसते तेव्हा आधी तिथे कोण राहत होते, हे विचारणे म्हणूनच आपल्यालाही शोभते.

पुटनम १८२४ मध्ये मॅरिएटातच वारला. उतारवयात त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्याचे शुद्धलेखन शेवटपर्यंत कच्चेच राहिले, पण म्हणून त्याने लेखणी खाली ठेवली नाही. आज इतिहासकार त्या आठवणी आवर्जून वाचतात.

आपल्या घरांत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत, लिहिणारे मात्र कमी होत चालले आहेत. कारण विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच, "चुका होतात, लाज वाटते." पालकहो, आपले घराणे इथे कसे आले याविषयी पुढच्या अंकासाठी एक पान लिहून मुलांबरोबर पाठवा. आजी-आजोबांना विचारा, मुलांना शेजारी बसवा. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही शाळेत पाहून घेऊ.