इथल्याइथेच तर जायचंय!

आमच्या घरी तीन हेल्मेटं आहेत. बाबा ७४ वर्षांचे, लेकाला नुकतंच अठरा पूर्ण झालेलं आणि मधला मी. फोंड्याहून पणजीला ऑफिसात जाताना मी न चुकता हेल्मेट घालतो, पट्टाही लावतो. कारण वाटेत पोलीस असतात. रविवारी पोदेराच्या भट्टीवर पाव आणायला जाताना मात्र ते हाताच्या कोपरात असतं.

बाबा म्हणतात, "देवळापर्यंतच तर जायचंय." लेक म्हणतो, "कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय." वयात ५६ वर्षांचं अंतर, पण सबब एकच!

गेल्या श्रावणात बाबा घरापासून जेमतेम दोनशे मीटरवर घसरले. वेग काहीच नव्हता; उतारावर शेवाळ होतं. कपाळाला सात टाके पडले. स्कूटरच्या हुकाला अडकवलेल्या हेल्मेटवर साधा ओरखडाही नव्हता.

कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा आहे. आम्ही घाबरतो ते दंडाला. शेवाळ काही पावती फाडत नाही.

त्या रात्री मी लेकाला चांगलंच सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, पाव हाडपाक वतना तूं खंय घालता?"

मला उत्तर सुचलं नाही. आता भट्टीवर जातानाही घालतो. पोदेर हसतो. हसू दे. बाबा अजून कुरकुरतात, पण पट्टा लावतात. लेक काही बोलत नाही, फक्त माझ्याकडे बघतो आणि आपलं हेल्मेट उचलतो.