गिलावा उतरवण्याआधी

प्रिय राघव,



परवा तुझा फोन ठेवला आणि वेंगुर्ल्याचं घर डोळ्यांपुढून हलेना. बाहेरचा सगळा गिलावा खरवडायचा, आतला जांभ्याचा चिरा उघडा करायचा आणि वरून पारदर्शक लेप मारायचा, असं ठेकेदाराने सुचवलंय. तुलाही ते पटलंय. 'आत्या, जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस बघ, लाल चिऱ्यात कसं देखणं दिसतं,' असं म्हणालास, म्हणून हे पत्र.

ते चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधलं गेलं. पुढे साडेतीनशे वर्षं त्याच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. आपण ते लाल पाहतो ते १९५०च्या दशकापासून. त्या वेळी बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो गिलावा उतरवला. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल अजून पांढरं आहे. बॉम जेझूसच्या दर्शनी भागातलं नक्षीकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडातलं. तो दगड पावसाला टिकून आहे. झिजतोय तो भोवतालचा जांभा. मागे पावसाळा संपता संपता तिथे गेले होते. बाजूच्या भिंतीला नुसता तळहात टेकवला, तर हाताला तांबडा रवा लागला. सुंदर दिसतं हे खरं, पण मला तिथे उभं राहून वाईटच वाटतं.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिलं. पण टणक झाला तरी त्याच्या पोटात छिद्रं राहतात आणि त्या छिद्रांत चिकणमाती. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या चिऱ्यातली ती माती थोडी थोडी धुऊन जाते आणि मागे लोहाची पोकळ जाळी उरते. म्हणून जुने गवंडी चुन्याचा गिलावा देत. झीज गिलाव्याने सोसायची, आणि तो झिजला की नवा द्यायचा.

तेव्हा छिन्नी लागण्याआधी भिंत नीट बघ. आत्ता पाऊस आहे ते बरंच झालं. मोठी सर आली की छत्री घेऊन घराला एक फेरी मार. पन्हळ कुठे गळते, वळचणीचं पाणी जोत्यापासून किती लांब पडतं, कुठला कोपरा सर थांबल्यावरही ओलाच राहतो, ते वहीत लिही. निम्म्या घरांचं दुखणं भिंतीत नसतंच, ते वर छपरात असतं. पाऊस सरला की सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा फीर, फुगवटे तेव्हाच दिसतात. लाकडी हातोडीने गिलावा हलके ठोकत जा. धरून असेल तिथे भरीव आवाज येईल, सुटला असेल तिथे मडक्यासारखा पोकळ. पोकळ जागा खडूने आखून फोटो काढ. मला वाटतं, निम्म्याहून जास्त गिलावा अजून घट्ट निघेल. तडा दिसला तर त्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख टाक. पुढच्या काही महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून सरकतेय. पिंपळाचं रोप मात्र उपटू नकोस, मुळाबरोबर चिरा निघून येतो.

विहिरीकडची भिंत सगळ्यात आधी बघ. मी कॉलेजात असताना बाबांनी तिथे कंबरेपर्यंत सिमेंट मारून घेतलं, ओल थांबावी म्हणून. जमिनीतून चढलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. ते सिमेंटच्या मागून वर चढलं आणि खिडकीखाली लोणा फुटला. काही वर्षांनी एक पोपडा पडला, तेव्हा मागचा चिरा बोटाने उकरता येत होता. बाबा बराच वेळ तिथे बसून होते. चुन्यातून ओल बाहेर निघून सुकते, सिमेंटमागे ती कोंडते. तुझ्या पारदर्शक लेपाचीही मला तीच धास्ती वाटते.

घर तुझं आहे, राहणार तू आहेस, हे मी विसरलेले नाही. पण त्या ओसरीवर मी चालायला शिकले, म्हणून हक्काने सांगते. ठेकेदाराला दिवाळीपर्यंत थांबव. चुन्याचं काम तसंही पाऊस गेल्यावरच करायचं असतं. चुना हळूहळू धरतो, रोज पाणी शिंपडावं लागतं. दसऱ्यानंतर मी चार दिवस येते. आपण दोघं हातोडी घेऊन फिरू. तोवर वही भरून ठेव, आणि विहिरीकडच्या भिंतीचा फोटो आजच पाठव.

तुझी,
आत्या