दिवाणखान्यांतील घाट

वाड्याची वाटणी होते तेव्हां भांडीं मोजलीं जातात, दागिने तोलले जातात. भिंतीवरील तसबिरींकडे सर्वांत शेवटीं लक्ष जातें. आमच्या घरीं मात्र उलट झालें. दिवाणखान्यांतील एका चित्रानेंच सारी वाटणी महिनाभर अडवून धरली.

चित्र जलरंगांतील, वाईच्या गणपती घाटाचें. रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ, खालीं उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि कृष्णेच्या पात्रांत पाय सोडून बसलेल्या चार लुगडेवाल्या बायका. कोपऱ्यांतील सही ओल लागून पुसली होती. उरलें होतें तें केवळ एक 'ध'. तेवढ्या एका अक्षरावर आमच्या चुलतबंधूंनीं रावबहादूर धुरंधर उभे केले! मग किंमतीच्या गोष्टी निघाल्या, आणि दोन घरांत बोलणें तुटण्याची वेळ आली.

आम्हांस शंका आली ती त्या चार बायकांमुळें. धुरंधरांची ख्याति मनुष्याकृतींसाठीं. ऑटो रॉथफील्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरील १९२० च्या पुस्तकांतील त्यांच्या चित्रांत प्रत्येक स्त्रीच्या उभें राहण्यांतहि तिचा स्वभाव दिसतो. आमच्या घाटावरील बायका मात्र पाटावर मांडलेल्या गौरींसारख्या ताठ. उलट पायऱ्या पाहाव्या तर एकूण एक बिनचूक. देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे, तिचा बांक सुद्धां पट्टी-कंपास घेऊन काढल्यासारखा. माणसांपेक्षां दगडांशीं अधिक सलगी असलेला हा हात कोणाचा?

शेवटीं चौकट उघडली. कांचेच्या कडेखालीं झांकलेल्या बोटभर पट्टींत आकाश अजून गर्द निळें होतें. बाकीचें उजेडानें फिकट होऊन गेलें होतें. आमच्या जन्मापासून आम्ही ज्यास पावसाळी सकाळ समजत आलों, ती खरोखर वैशाखांतील दुपार होती. कागद उजेडापुढें धरतांच आंत 'जे. व्हॉटमन' हीं अक्षरें व १९२१ हें साल दिसलें. इंग्लंडांतील हा हातकागद चित्रकार वापरीत, तसाच इंजिनियरांच्या कचेऱ्यांतूनहि नकाशांसाठीं वापरीत. सालानें एवढेंच ठरलें कीं, चित्र त्यापूर्वींचें नव्हे. परंतु पाठीवर शिसपेनीनें एका कालव्याचा अर्धवट छेद काढलेला होता!

आमच्या आजोबांचे धाकटे बंधू कालव्यांच्या कचेरींत ट्रेसर होते. त्यांस मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमध्यें जावयाचें होतें. आजोबांनीं जाऊं दिलें नाहीं. हात सुबक आहे तर नकाशे काढ, महिन्याचा पगार येईल, हें त्यांचें म्हणणें. (त्या काळच्या कोणत्या वडील माणसानें निराळें म्हटलें असतें?) पुढें तिशीच्या आंतच ते विषमज्वरानें गेले. त्यानंतर आजोबांनीं त्यांचें नांव कधीं घेतलें नाहीं, असें आमची आजी सांगे. आणि त्यावरून आजोबा पाषाणहृदयी होते, असें घरांत दोन पिढ्या मानलें गेलें.

माळ्यावर आजोबांच्या खर्चाच्या वह्या होत्या. शके १८४९ ची वही काढली. तेराव्याचा खर्च ओळीनें मांडलेला: दर्भ, तूप, ब्राह्मणांची दक्षिणा. त्यानंतर एक पान कोरें. आजोबांच्या कोणत्याहि वहींत दुसरें कोरें पान आम्हांस आढळलें नाहीं. पान उलटल्यावर पहिलीच ओळ, 'धाकट्याचे चित्रास चौकट व कांच, रु. २ आणे ४.' 'धाकटा' हेंच त्यांचें घरांतलें नांव, आणि सहीहि तीच केलेली.

आमच्या मातोश्री म्हणाल्या, मामंजींस पश्चात्ताप झाला असावा. चुलतबंधू म्हणाले, आजोबांसारख्या हिशेबी माणसानें सव्वादोन रुपये उगाच घातले नसते. आम्ही कांहींच बोललों नाहीं. ज्या भिंतीवर तें चित्र होतें, तिच्या समोरच आजोबांची बैठक असे, एवढें मात्र आम्हांस पक्कें आठवतें.

धुरंधरांचें नव्हे हें ठरतांच किंमतीचा प्रश्न उरला नाहीं. तांब्याचें मोठें घंगाळ देऊन चित्र आमच्याकडे घ्यावें, असें आम्ही सुचविलें. चुलतबंधूंचा उलट निरोप आला कीं, घंगाळ तुम्हींच ठेवा, चित्र सहा-सहा महिने दोहों घरीं राहूं द्या. सध्यां तें त्यांच्याकडे आहे. उन्हाची तिरीप येणार नाहीं अशी भिंत पाहून लावलें आहे. आमची पाळी कार्तिकांत.