कडीपाट

वाड्यांबरोबर मराठीतून हळूहळू निघून चाललेल्या शब्दांत ‘कडीपाट’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. सागवानी कड्यांवर फळ्या अंथरून केलेले हे बांधकाम खालच्या माणसाला छत आणि वरच्याला जमीन असे. मात्र वरची पावले फळ्यांना लागत नसत. त्यांच्यावर मातीचा थर असे आणि तो शेणाने सारवला जाई. लाकूड दिसे ते खालून, अंथरुणावर पडलेल्या माणसाला. आजारपणात, बाळंतपणात, झोप न येणाऱ्या रात्री घरातल्या कित्येकांनी त्याच फळ्यांतल्या गाठी मोजलेल्या असत.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकूडकाम 1828 च्या आगीत भस्मसात झाले. मागे दगडी जोती उरली. पेठांतल्या इतर अनेक वाड्यांवर पुढे वाटण्यांची आणि पुनर्बांधणीची वेळ आली. वाडा उतरवला की सागवान बहुधा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते. क्वचित एखादे कुटुंब काही फळ्या राखून ठेवते आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या आपल्या सदनिकेत, एका खोलीपुरती, त्यांची जमीन करायचे ठरवते.

निर्णय दिसतो तितका सोपा नसतो. पिढ्यानपिढ्या जे डोक्यावर होते ते आता पायाखाली येणार असते. वडीलधाऱ्यांच्या वस्तूला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणाऱ्या घरात हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. परंतु व्यापाऱ्याच्या वखारीत अनोळखी होऊन पडण्यापेक्षा घरच्यांच्या पावलांखाली झिजणे बरे, असा कौल अखेर मिळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जीर्ण झालेले झाडही धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे असे बजावले आहे. जीर्ण झाले म्हणून कोणाचेच राहिले नाही, असे नसते.

मग सुतार येतो. प्रथम तो जुने खिळे हुडकून काढतो. लाकडात दडलेला एक खिळाही रंध्याचे पाते तोडू शकतो. फळ्या साफ करून, एकीच्या कडेला जीभ आणि दुसरीच्या कडेला खाच पाडून तो त्या खोलीतच रचतो. थरांमध्ये हवा खेळावी म्हणून बारीक पट्ट्या घालतो आणि काही दिवस काम थांबवतो. घरधन्याला हे थांबणे समजत नाही. शंभर वर्षे वाळलेल्या लाकडाला आणखी काय वाळायचे आहे?

सुताराला ठाऊक असते की झाड तुटले तरी लाकडाचे हवेशी नाते तुटत नाही. पावसाळ्यात ते ओल घेते आणि फुगते. कोरड्या दिवसांत ती सोडते आणि आकसते. हा फरक लांबीत नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगला जाणवतो. एका फळीचा फुगवटा डोळ्यांना दिसणार नाही. पण खोलीभर शेजारी शेजारी बसलेल्या फळ्यांचा मिळून तो भिंतीवर रेटा देतो. भिंत हटत नाही, तेव्हा जमीनच मध्यभागी उचलली जाते. म्हणून चारही भिंतींलगत बोटभर जागा मोकळी सोडावी लागते.

खरा वाद इथेच होतो. वारशाने आलेल्या फळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसाव्यात, कुठे फट दिसू नये, अशी घरधन्याची इच्छा असते. तिच्यात माया असते आणि धास्तीही: एक घर हातचे गेले, निदान एवढे तरी निसटू नये. पण याच घट्टपणाने वारसा फुटतो. सुतार फट ठेवतो, तिच्यावर लाकडी पट्टी बसवतो आणि त्या पट्टीचे खिळे भिंतीत मारतो, फळ्यांत मारत नाही. वरून फट दिसत नाही. आत फळ्यांना हलायला वाव राहतो.

परंपरेच्या जतनाविषयी साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे घरधन्याच्या बाजूने आहे. सुताराची बाजू त्यात फारशी आलेली नाही. ती ऐकायची असेल तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत थांबावे. आषाढात फळ्यांमधल्या बारीक रेषा मिटतात, पौषात पुन्हा उमटतात. कधी रात्री एखादी फळी करकरते आणि घरातली वृद्ध स्त्री क्षणभर कान देते. मग वर पाहण्याऐवजी ती खाली पाहते आणि ओळखीची गाठ शोधते.