अब्बांच्या घोरण्याची चौकशी

शिरोड्यात कुणाला व्हेंटिलेटर लावल्याची खबर आली की आमच्याकडे आवाज खाली येतात. नळी घातली म्हणजे माणूस संपला, असाच हिशेब. माझा धाकटा भाऊ अजून तोच हिशेब धरून बसलाय, कारण कागदावर सही मी केली होती.

अब्बांना न्यूमोनिया झाला होता. रात्रीच गाडी करून आम्ही त्यांना गोव्याला नेलं. फजरच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि विचारू लागल्या, "हे रात्री घोरतात का? झोपेत श्वास अडकतो?" भाऊ भडकला. माणूस आत गुदमरतोय आणि ह्यांना घोरण्याची पडलीय! उत्तर अम्मीने दिलं, "श्वास थांबतो ना. मीच उठून कुशीवर वळवते." बाईंनी लगेच वरिष्ठ भूलतज्ज्ञांना बोलावणं धाडलं. मग मला म्हणाल्या, "नळी घालतानाच रक्तदाब कोसळू शकतो, हृदयही थांबू शकतं. पण न घालता फार वेळ निघणार नाही."

मी सही केली.

त्या प्रश्नांचा अर्थ पुढे वाचून कळला. फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांतून २०१३ साली 'मकोचा' नावाची गुणपद्धत आली. नळी घालणं किती अवघड जाईल याचा अंदाज बांधायला बारा गुण. तोंड उघडल्यावर घशातलं फारसं दिसत नसेल तर पाच, झोपेत श्वास अडकत असेल तर दोन. मान, जबडा, शुद्ध, ऑक्सिजन यांचा एकेक. नळी घालणारा भूलतज्ज्ञ नसेल तर त्याचाही एक! डॉक्टरलाही धोक्यात मोजणारी ही पद्धत मला प्रामाणिक वाटली.

पण नळी सहज गेली तरी धोका टळत नाही. गुंगीच्या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, यंत्राच्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. २९ देशांतल्या २९६४ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात नळी घालायला घेतल्यापासून अर्ध्या तासात ४२.६ टक्के रुग्णांचं रक्ताभिसरण ढासळलं, ९.३ टक्क्यांचा ऑक्सिजन फार खाली गेला, ३.१ टक्क्यांचं हृदय थांबलं. वय जास्त, रक्तदाब आधीच कमी, नाडी जलद, ऑक्सिजन देऊनही रक्तात कमी, अशांना भीती अधिक. अब्बा यातल्या प्रत्येक रकान्यात बसत होते. म्हणूनच रक्तदाब वाढवणारं औषध आधीपासून चालू ठेवलं होतं. सलाईनची बाटली आधी चढवली की भागतं, हा समज २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत टिकला नाही.

अब्बांची नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. रक्तदाब उतरला, पण सावरला. ते नवव्या दिवशी गेले, फुप्फुसांतल्या संसर्गाने.

भावाला हे आकडे दाखवले. तो म्हणाला, "तुझ्या कागदात अब्बा कुठे आहेत?" अम्मी मध्येच बोलली, "घोरण्याचं मी सांगितलं ते बरं केलं ना रे?" मी हो म्हटलं. ती दर चार-आठ दिवसांनी हे विचारते.