कापसाचा कोपरा

ससा आपला कोपरा आपणच निवडतो. आमच्या कापसाने जिन्याखालची जागा निवडली. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या या घरात शेजारच्या मागांचा खटखटाट दिवसभर चालू असतो. भांडं पडलं तरी दचकणारा हा जीव त्या ठेक्याला मात्र सरावला, आणि भिंतीला पाठ लावून, शेपटी किंचित उचलून तिथेच बसू लागला. आई म्हणाली, "अगं, त्याला हलवू नकोस. घमेलंच तिकडे ने." सशाला शी-शूची सवय लावण्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

घमेलं पसरट, बुटक्या काठाचं. तळाला रद्दी, वर वाळलेलं गवत, आणि खायचं ताजं गवतही त्याच्या तोंडाशी. जेवण आणि शौच एकाच जागी, याचं माणसाला नवल वाटतं. पण सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. तो गवताची काडी ओढत असतो आणि मागे लेंड्या पडत असतात. बाहेर सांडलेल्या लेंड्या उचलून, लघवी टिपलेला कागद घमेल्यात ठेवला, की पुढचं काम वास करतो. रागावून, त्याचं नाक घाणीत दाबून काही साधत नाही. ससा फक्त भ्यायला शिकतो.

ही शिस्त त्याच्या रक्तातच आहे. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, बिळं खणून कळपाने राहणारे. ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालून ते आपली हद्द सांगत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा रानससा वेगळा. तो गवतातल्या खळग्यात अंग चोरून बसतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि त्याचं घर माळच. कापूस वयात आला तसा हद्दीचा तो जुना हट्ट जागा झाला, घरभर खुणा होऊ लागल्या. सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून नसबंदी करून घेतल्यावर तो निवळला.

पहाटे तो मान वळवून तोंड बुडाशी नेतो. तेव्हा निघतात त्या लेंड्या निराळ्या: मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या इवल्या घोसासारख्या. त्या तो तिथल्या तिथे गिळतो. त्यातली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं त्याला दुसऱ्या फेरीत मिळतात. ती घाण नव्हे, त्याची न्याहारी आहे.

आमच्या पेठेत सूत कुठूनही घरात येतं. सशाला ओकता येत नाही. गिळलेला धागा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. म्हणून तो कोपरा रोज झाडायचा, टॉवेलाच्या दशा तिथे राहू द्यायच्या नाहीत. घमेल्यात साचलेला पांढरा थर व्हिनेगरने निघतो. मांजरांसाठीची, ओली झाली की गोळा होणारी माती मात्र सशाला घालू नये. ती पोटात गेली तर घात करते.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे सोडतो. तेव्हा घरात सगळ्यात गार फरशी जिन्याखालीच असते.

ससा घरी आणणार असाल तर तो आठ-दहा वर्षांचा सोबती आहे हे धरून आणा. आणि घमेलं कुठे ठेवायचं हे त्याला ठरवू द्या.