तीन पायऱ्या

सदाशिव पेठेतल्या आमच्या घराला रस्त्यावरून ओट्यावर चढण्यासाठी एके काळी तीन पायऱ्या होत्या. आजोबांनी घर बांधले तेव्हा त्या काळ्या दगडाच्या घडवून घेतल्या होत्या. सर्वांत खालची पायरी इतक्या पावलांनी झिजली होती की तिच्या मधोमध उथळ पन्हळ पडल्यासारखी दिसे. लहानपणी तिन्हीसांजेस आम्ही भावंडे तिथे बसून परवचा म्हणत असू. रस्त्याने जाणारे एखादे वृद्ध गृहस्थ मध्येच थांबून 'एकोणतीस पाचे किती?' असे विचारीत, आणि उत्तर चुकले म्हणजे आमच्यापेक्षाही अधिक खिन्न होऊन पुढे जात. आज त्या तीन पायऱ्यांपैकी एकही दृष्टीस पडत नाही. कोणी त्या उखडून नेल्या असे नव्हे. तिन्ही जागच्या जागी आहेत. फक्त रस्त्याच्या पोटात आहेत.

पहिली पायरी मी शाळेत असताना गेली, दुसरी माझ्या लग्नाच्या सुमारास, आणि तिसरी रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा. हा हिशोब मी आज जुळवतो आहे. त्या त्या वेळी यांतले काहीच माझ्या ध्यानात आले नव्हते. डांबराचा नवा थर तो केवढा? फार तर दोन-तीन इंचांचा. तो घालण्यापूर्वी जुना थर खरवडून काढावा, हा रस्ते बांधणाऱ्यांचा साधा नियम आहे. परंतु खरवडण्याला वेळ लागतो, पैसा लागतो, धूळ उडते. आणि खरवडले काय किंवा न खरवडले काय, वरून रस्ता सारखाच सुरेख दिसतो. मग दर काही वर्षांनी दोन-तीन इंच, असे करता करता एका पिढीत रस्ता हातभर वर येतो आणि घरे तेवढीच खाली जातात. जुन्या पेठांतून नुसता फेरफटका मारला तरी याची साक्ष पटते. कुठे खिडकीचे गज रस्त्याला टेकलेले, कुठे दुकानात शिरताना गिऱ्हाईक मान वाकवते आहे, कुठे वाड्याचा दिंडी दरवाजा नीट उघडतच नाही. आणि तरीही नवा रस्ता झाला म्हणजे आपण सारे संतुष्ट असतो. आमच्या रस्त्यावर सिमेंट पडले त्या दिवशी मी सज्जात उभा राहून ते काम कौतुकाने पाहत होतो. एवढेच नव्हे, तर कामगारांना घरून चहाही पाठवला होता.

पूर्वी पाहुणा पायऱ्या चढून आमच्या घरी येई. आता एक पायरी उतरून येतो. जी वाट पाहुण्याला सोयीची, तीच पाण्यालाही. जूनमधल्या एका रात्री तास-दीड तास मुसळधार पाऊस झाला आणि खालच्या खोलीत घोटाभर पाणी शिरले. त्या खोलीत माझी आई निजते. तिचे वय त्या वेळी त्र्याऐंशी. मी धावत खाली आलो तेव्हा ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि पाण्यावर तरंगणाऱ्या आपल्या चपलेकडे पाहत होती. "नदी आली का रे?" तिने विचारले. हा प्रश्न वार्धक्याचा भ्रम नव्हे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि दारात आलेले पाणी म्हणजे नदीच, हे तिच्या मनात त्या दिवसापासून कायम झाले आहे. मी म्हटले, "नदी नव्हे, आई. रस्ता." पुस्तकांच्या कपाटाची खालची फळी पाण्यात होती. मी राज्यशास्त्र शिकवतो, आणि त्या फळीवर मिल आणि बर्क होते.

दुसऱ्याच आठवड्यात मी गवंडी बोलावला. उंबरठा नऊ इंच उंच करायचा, आणि त्याच्या बाहेर रस्त्याच्या बाजूने सिमेंटची घसरती कड बांधायची, असे ठरले. गवंडी जुना माणूस. काम सुरू करण्यापूर्वी त्याने रस्त्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, "साहेब, मग पाणी जाईल कुठे?" मी म्हटले, "आत येऊ नये म्हणजे झाले."

ते आत आले नाही. जुलैमध्ये तसाच पाऊस पुन्हा झाला आणि मी वरच्या खोलीत दिवा लावून निर्धास्तपणे वाचत बसलो. सकाळी दार उघडले तो शेजारच्या माई आपल्या दारात वाकून, केर भरायच्या सुपलीने, घरातले पाणी बाहेर लोटत होत्या. मला एकेरी नावाने हाक मारणाऱ्या व्यक्ती आता पेठेत दोनच उरल्या आहेत. एक माझी आई आणि दुसऱ्या माई. त्यांच्या घरात तोपर्यंत कधी पाणी शिरले नव्हते. मला पाहून त्या कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या व म्हणाल्या, "तुझ्याकडे नाही ना आले? बरे झाले हो. आईला त्रास झाला असता."

मी त्यांच्या हातची सुपली घेतली आणि तासभर पाणी लोटले. ते माझ्याच घरचे पाणी होते.

आता जावे कोणाकडे? एरवी याचे उत्तर पेठेतले पोरही देईल: नगरसेवकाकडे. परंतु त्या दिवसांत पुण्याला नगरसेवक नव्हते. 2017 च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्या 162 सभासदांची मुदत 2022 च्या मार्चात संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ महानगरपालिकेचे सभागृह रिकामे राहिले. कारभार प्रशासकाच्या हाती गेला. राज्यातल्या इतर अनेक शहरांचीही तीच गत होती. या सर्व काळात मी वर्गात चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती शिकवत होतो. 1 जून 1993 पासून ती अमलात आली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली आणि तीत नगररचनेपासून गुरांच्या कोंडवाड्यापर्यंत अठरा विषय घातले. मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पार पडली पाहिजे असा दंडकही घातला. हे मी फळ्यावर लिहीत होतो, मुले उतरवून घेत होती, आणि रिकाम्या सभागृहाविषयी मला यत्किंचितही अस्वस्थता वाटत नव्हती. किंबहुना, कबूलच करायचे तर, मला बरेच वाटले होते. चौकाचौकांतले वाढदिवसांचे फलक थोडे कमी झाले. सभेतली हमरीतुमरी, दुखवट्याचा ठराव करून सभा तहकूब करण्याची ती रीत, हे सारे थांबले. आता शिकलेले अधिकारी शहर चालवतील आणि ते ठीकच चालवतील, अशी माझी समजूत होती.

कचेरीत भेटलेला तरुण कनिष्ठ अभियंता मोठा सालस निघाला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. सांगितल्या दिवशी सकाळी सात वाजता तो तिपाई आणि लेव्हलचे यंत्र घेऊन गल्लीत हजर झाला. एका मजुराला आकड्यांची पट्टी धरून जागोजाग उभे करून त्याने वीस-पंचवीस ठिकाणची उंची टिपून घेतली, आणि वहीचे पान माझ्यापुढे धरले. पावसाळी वाहिनीच्या चेंबरचे तोंड माईंच्या दारापुढच्या रस्त्याहून चार इंच उंच होते. "पाण्याला वर चढता येत नाही, सर," तो म्हणाला. "सगळा प्रश्न उताराचा आहे."

उताराचे हे शास्त्र आमच्या पेठेला नवे नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधून आणला. त्याला ना पंप, ना कसले यंत्र. डोंगराच्या पायथ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आले ते केवळ उताराच्या बळावर. वाटेत हवा खेळावी म्हणून उच्छ्वास ठेवले, लोकांना पाणी भरता यावे म्हणून हौद बांधले. पानशेतच्या पुरानंतर शहराचे नळ कोरडे पडले तेव्हा पेठांतल्या विहिरी आणि हौद पुन्हा उपयोगी पडले, असे आई सांगते. ज्यांनी तो नळ आखला त्यांनी मैलोगणती अंतरात उतार इतका बेताचा ठेवला की पाणी कुठे तुंबू नये आणि कुठे उसळूही नये. आम्हांला एका गल्लीत तो साधत नाही! पण ही तुलना अन्यायाची आहे, हेही खरे. तो नळ एका हुकमाने झाला. आमच्या गल्लीत बावीस घरे आहेत आणि बावीस उंबरठे. त्यांतल्या माझ्या उंबरठ्याची उंची मी ठरवू शकतो, आणि ठरवलीही. उतार मात्र मला एकट्याला ठरवता येत नाही, कारण तो माझ्या घराचाही नव्हे आणि माईंच्या घराचाही नव्हे. दोहोंच्या मधला आहे.

पेशवाई गेल्यावर यथावकाश हे मधले काम म्युनिसिपालिटीकडे आले. त्या जुन्या सभेत कोण कोण बसत, हे आठवले की मनुष्य थक्क होतो. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे तिचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रश्न निघाला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे म्हणून विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. 1895 साली टिळक निवडून आले. नरसिंह चिंतामण केळकर 1921 साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, हे मराठीचे विद्यार्थी जाणतात. परंतु त्याच्या मागेपुढे, 1918 मध्ये आणि पुन्हा 1922 ते 1924 पर्यंत, ते पुण्याच्या म्युनिसिपालिटीचेही अध्यक्ष होते, हे सहसा कोणी सांगत नाही. आणि गोखले तर माझ्याच धंद्यातले. 1902 साली फर्ग्युसनमधून निवृत्त झालेले हे प्राध्यापक कलकत्त्याच्या कायदेमंडळात साम्राज्याच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करीत, आणि त्याच वर्षांत पुण्यात परतले म्हणजे दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणी यांची चर्चा करणाऱ्या सभेच्या अध्यक्षस्थानी बसत. रिपनने 18 मे 1882 च्या आपल्या प्रसिद्ध ठरावात स्थानिक स्वराज्य म्हणजे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन असे म्हटले होते. गोखल्यांसारख्यांनी ते शब्दशः खरे मानले. मिलच्या 1861 मधल्या ग्रंथातही स्थानिक संस्थांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न क्वचित येतो, म्हणून गेली पंचवीस वर्षे मी ते एका तासात उरकतो.

अभियंता यंत्र पेटीत ठेवू लागला. चेंबर खाली घ्यायचे आणि साठ फूट रस्ता उकलून पुन्हा उतार द्यायचा, एवढे काम. पण त्याला अंदाजपत्रक हवे, निविदा हवी, आणि त्याआधी कोणी तरी ते काम 'माझे' म्हणून यादीत घालायला हवे. नगरसेवक असताना अशी बारीकसारीक कामे त्यांच्या 'स' यादीतून होत. यादी करणारेच नसले म्हणजे साठ फुटांचे काम कोणाचेच नसते. हे सारे समजावून झाल्यावर त्याने अगदी सहज विचारले, "सिमेंट टाकताना लेव्हलबद्दल कोणी हरकत घेतली नव्हती का, सर?"

घेतली होती. आमच्या भागाचे तेव्हाचे नगरसेवक शिक्षणाने बेताचे, बोलण्यात पाल्हाळिक, रोज सकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी उभे असत. लोक त्यांना तिथेच गाठून नळ, दिवा, मेलेले मांजर, काय वाटेल ते सांगत. आणि ते सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर टिपून घेत. मला हा देखावा काहीसा केविलवाणा वाटे. सिमेंटीकरणाच्या आधी एका संध्याकाळी ते हातात कागद घेऊन आमच्या दारी आले. जुने थर काढल्यावाचून सिमेंट घालू नये, घरे खाली जातील, असा अर्ज होता, आणि त्यावर गल्लीतल्या लोकांच्या सह्या त्यांना हव्या होत्या. मी वर उत्तरपत्रिका तपासत होतो. "कामात आहेत म्हणून सांग," असे मी मुलाला सांगितले. बावीस घरांतून अकराच सह्या जमल्या, असे पुढे कानावर आले. आणि अकरांनी काही झाले नाही.

हे मी अभियंत्याला सांगितले नाही. माईंना मात्र त्याच संध्याकाळी सांगितले. त्या वाती वळत बसल्या होत्या. "ठाऊक आहे रे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून निघून ते माझ्याच ओट्यावर टेकले होते. सरांना वेळ नाही, म्हणाले. मी पाणी दिले त्यांना."

या खेपेस अर्ज मी लिहिला आणि घरोघर मीच हिंडलो. माझ्या विद्वत्तेचा याला फारसा उपयोग झाला नाही. दोन ठिकाणी मला 'पुन्हा या' असे दारातूनच सांगण्यात आले आणि मी पुन्हा गेलो. एकोणीस सह्या झाल्या. तो अर्ज आणि अभियंत्याची आकड्यांची वही मिळून अंदाजपत्रक एकदाचे तयार झाले, आणि वाहिनी नेमकी कुठून जाते हे पाहण्यासाठी माईंच्या दारापुढे एक खड्डा खणण्यात आला. वर सिमेंट, त्याखाली डांबर, मग खडी, पुन्हा डांबर, पुन्हा खडी. पृथ्वीच्या इतिहासाचे थर भूगर्भशास्त्रज्ञ दाखवतात तसे. गुडघाभर खोलीवर मजुराची पहार दगडावर खणकन वाजली. त्याने हाताने माती सारली. काळ्या दगडाची घडीव कड होती.

माई काठी टेकत उंबरठ्यापर्यंत आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"ही वरची," त्या म्हणाल्या. "हिच्या खाली आणखी एक आहे."

मजुराने पहार बाजूला ठेवली आणि टेपने खोली मोजून अभियंत्याला आकडा सांगितला.